पूजलेली पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठीक आहे, पण कोर्टाला निदान पायरी तरी असते. पिंपरीच्या एका कारखान्यात शंटिंगचं जे वाफेचं इंजिन होतं त्याला तीही नव्हती, आणि रोज सकाळी त्यावर चढायचं वजीर ड्रायव्हरच्या कपाळी लिहिलेलं होतं.

वजीर मूळचा खेडचा. बाप टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. पोराला घोड्याच्या लाथेपेक्षा इंजिनाची धग बरी वाटली, म्हणून तो पुण्याच्या लोको शेडमध्ये शिरला. इंजिनं पुसता पुसता फायरमन झाला, फायरमनचा ड्रायव्हर झाला. मग एक दिवस इंजिनावरून उतरताना तेलकट लोखंडावरून पाय सटकला आणि डावा गुडघा रुळावर असा काही आपटला की तो पुढं कधी पुरता वाकलाच नाही. त्याला शेडच्या दारात बसून कंदील पुसायचं हलकं काम मिळालं. वजीरनं ते थोडे दिवस केलं. समोरून दुसऱ्यांनी हाकलेली इंजिनं जाताना बघवेनात, तेव्हा नोकरीला सलाम ठोकून तो घरी येऊन बसला.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला पिंपरीच्या बाजरीच्या वावरांत कारखाने उगवायला लागले होते. त्यातल्या एकानं स्टेशनपासून आतपर्यंत स्वतःचे रूळ टाकले आणि कुठूनसं एक जुनं इंजिन आणलं. मोठ्या लाइनीवर विजेची इंजिनं भरधाव पळायची, मालाच्या वॅगनी स्टेशनात सोडून जायची. त्या ओढून कारखान्यात आणायचं काम या म्हातारीचं. कामगार तिला काळी म्हणायचे. काळी चालवायला माणूस हवा होता, आणि शहाणे ड्रायव्हर असल्या डबड्यावर यायला तयार नव्हते. वजीर आला. त्याला तर दुसरा जन्म मिळाल्यासारखं झालं. जमिनीवर तो लंगडा वजीर होता, इंजिनावर बसला की राजा होता. हात चालतात तोवर इंजिनावर राहायचं, एवढंच त्याला दुनियेत हवं होतं.

राहायला त्याची हरकत नव्हती हो, पंचाईत होती ती चढायची. काळी बनली विलायतेत. तिथल्या कारागिराला बहुधा वाटलं असावं की हिंदुस्थानातले ड्रायव्हर देवासारखे वरून खाली उतरतात. त्यानं चढायला दोन्ही बाजूंना घोड्याच्या रिकिबीएवढा एकेक लोखंडी तुकडा लावला होता आणि धरायला एकेक वाकडी दांडी. त्यात रुळांशेजारचा भराव दोन पावसाळ्यांत खचला. आता उभं राहिलं की रिकीब यायची वजीरच्या कमरेशी. उजवा पाय तिथवर उचलायचा, अडकवायचा, दांडीला लोंबकळायचं, आणि दुखरा डावा गुडघा मागून पोत्यासारखा वर ओढून घ्यायचा. उन्हाळ्यात दांडी हात भाजायची, पावसाळ्यात ती हातात राहायची नाही. वजीरचा फायरमन कोंडाजी, कुरुळीचा गडी, खालून खांदा लावायचा आणि साहेब येत नाही ना ते बघायचा, कारण ड्रायव्हरला ढकलून वर चढवावं लागतं हे साहेबाच्या कानावर गेलं असतं तर वजीर पुन्हा कंदील पुसायला मोकळा.

वजीरनं मॅनेजर यशवंतरावांकडं मागणं केलं ते साधं होतं: दोन पायऱ्या आणि एक सरळ दांडी. यशवंतराव आधुनिक विचारांचे होते. मागणं साधं दिसलं की त्यांना संशय यायचा. त्यांनी एक समिती नेमली. समितीतल्या एकाही माणसानं जन्मात इंजिनावर पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळं ती अगदी निःपक्षपाती होती. पाहणीसाठी तिनं साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडला, म्हणजे ड्रायव्हर मध्ये मध्ये बोलणार नाही. मंडळींनी काळीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चहा घेतला आणि निष्कर्ष काढला की इंजिन उंच नसून जमीन खाली आहे. जमीन ज्यांच्या ताब्यात, ते बांधकामवाले म्हणाले, जमीन जागच्या जागी आहे, इंजिनच उंच आहे. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळं काही करण्यासारखं उरलं नाही. समितीतल्या एका हुशार माणसानं मात्र पुढच्या खेपेला उंच ड्रायव्हर नेमावा अशी सूचना केली. असले उंटावरचे शहाणे प्रत्येक कारखान्याला लागतात, नाहीतर बाकीच्यांना आपण शहाणे आहोत हे कळायचं कसं?

मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते हे काय सांगायला हवं? त्या वर्षी पूजेला खुद्द कारखान्याचे शेठ येणार होते. शेठजींना इंजिनात चढून स्वतःच्या हातानं शिट्टी वाजवायची हौस आली. शेठ म्हणजे देह असा भरलेला की मोटारीतून उतरतानासुद्धा दोघं लागायचे. यशवंतरावांनी एकदा शेठच्या देहाचा विचार केला, एकदा त्या रिकिबीचा केला, आणि त्यांना घाम फुटला. वजीरच्या गुडघ्यासाठी जी जमीन हलत नव्हती ती शेठच्या पोटासाठी दोन दिवसांत हलली. लोहार बसले, वेल्डर बसले. रिकीब कापून भंगारात गेली आणि तिच्या जागी दोन ऐसपैस पायऱ्या आल्या, दोन्ही बाजूंनी सरळ गुळगुळीत दांड्या आल्या. सगळं एकाच बाजूला, ज्या बाजूला फोटोवाला उभा राहणार होता त्या. दुसऱ्या बाजूला भट्टीतली राख काढायचा खड्डा होता; तिथली जुनी रिकीब तशीच राहिली. तिकडं कोण बघतंय?

वजीरनं ती नवी पायरी लांबून पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ द्या बापडं. वरातीमागून घोडं आलं तरी आलं ना. कुणासाठी का असेना, पायरी झाली. शेठ एक दिवस चढेल, मी रोज चढेन, असं त्यानं घरी ताजुन्निसाला सांगितलं, आणि त्या माउलीनं शेजारीपाजारी शिरखुर्मा वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता पूजा सांगणाऱ्या भटजींनी यशवंतरावांना विचारलं, यंदा नवीन काय आहे? नव्या वस्तूची पूजा आधी. नवीन होती ती पायरी. तिच्यावर कुंकवानं श्री आणि स्वस्तिक काढा, असं भटजींनी सांगितलं. यशवंतरावांनी विचार केला की इंजिनाची वाफ, वरून वारा. कुंकू टिकणार नाही, फोटोत दिसणार नाही. त्यांनी मन्सूर पेंटरला बोलावलं. मन्सूरचा हात म्हणजे काय विचारता! चाकणपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवलेल्या. त्यानं खालच्या पायरीवर असा डौलदार श्री काढला आणि वरच्या पायरीवर असं रेखीव स्वस्तिक काढलं की भटजींनीही मान डोलावली. काढलं ते तांबड्या ऑइलपेंटनं, दोन हात देऊन. तो पेंट मोटारींवर वर्षानुवर्षं टिकतो.

खंडेनवमीला शेठ आले. वजीर आणि कोंडाजी सकाळीच राखेच्या बाजूनं वर चढून वाफ तयार करून बसले होते. शेठजींनी पायरीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, हात जोडले, फोटो निघाला. मग त्यांनी दांडी धरली आणि चढायला पाय उचलला. एवढ्यात भटजी म्हणाले, शेठजी, आत्ता पूजा केलीत तिच्यावर पाय? शेठचा पाय अधांतरी थांबला आणि खाली आला. खरं सांगायचं तर शेठना हायसं वाटलं. दोन पायऱ्या म्हणजे त्यांच्या देहाला सिंहगड होता. शिट्टी वजीरनंच वाजवली. टाळ्या झाल्या, पेढे झाले, मोटार गेली. आणि ज्याच्यासाठी पायरी केली त्यानंही न चढलेली ती पायरी तिथं देव होऊन बसली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं.

तुम्ही म्हणाल, हत्यारांची पूजा झाली तरी दुसऱ्या दिवशी लोक ती वापरतातच की. वापरतात, हातानं वापरतात. श्रीवर बूट कोण ठेवतो? हमाल ठेवेनात, फिटर ठेवेनात. कुंकू असतं तर एका पावसात धुऊन गेलं असतं. यशवंतरावांच्या आधुनिक विचारांनी तेवढी वाट बंद करून टाकली होती. वजीर मन्सूरकडं गेला, म्हणाला, बाबा रे, तू काढलास, तूच पुसून टाक. मन्सूरनं कानांना हात लावले. काढायला सांगितलं तेव्हा मी पेंटर होतो, म्हणाला, पुसायला गेलो तर मी मन्सूर होईन, आणि मला याच गावात राहायचंय. वजीरला ते पटलं. त्याचंही दुखणं तेच होतं.

यशवंतरावांकडं गेला तर त्यांनी हात वर केले. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी कसं सांगू पाय ठेवा म्हणून? आणि राखेच्या बाजूला रिकीब आहेच की. त्या बाजूलाही पायरी करायची का ते पुढच्या खंडेनवमीला बघू, म्हणाले. म्हणजे तिचीही पूजा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी वजीरची गत झाली. पूर्वी निदान खडीवर उभं राहून चढायचं होतं. आता खड्ड्याच्या काठावर, निसरड्या राखेत एक पाय रोवून चढायचं आलं. त्याची सोय झाली ती ही अशी.

आणि त्यात कोंडाजीची पोरगी आजारी पडली. सुभी नाव, पाच-सहा वर्षांची. ताप मेंदूत जातो की काय अशी वेळ आली. कारखान्याच्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, रोज कुरुळीला सायकल मारत गेला. कोंडाजी इकडं काळीच्या पायरीला डोकं टेकवून रडला, म्हणाला, पोरगी उठू दे, जन्मभर फूल वाहीन. पोरगी उठली. डॉक्टरला कुणी विचारलं नाही. पायरीला मात्र त्या दिवसापासून रोज ताजं फूल, उदबत्ती, आणि येता-जाता कोंडाजीचा हात आधी पायरीला आणि मग कपाळाला. त्याचं बघून हमालही नमस्कार करायला लागले. कुणाचा बैल सापडला, कुणाच्या पोराला शिफ्ट मिळाली, सगळं पायरीच्या नावावर जमा. एका लोखंडी पत्र्याच्या अंगावर केवढी जबाबदारी आली बघा.

हे सगळं ताजुन्निसाला माहीत होतं. वजीरच्या सुजलेल्या गुडघ्याला तेल लावता लावता ती चिडून म्हणाली, अहो ते लोखंड आहे, तुम्ही जन्मभर लोखंडावरच उभे राहिलात, ठेवा की पाय. वजीर म्हणाला, लोखंड आहे हे मला कळतं. पण कोंडाजीची पोरगी आहे त्याच्यात. ताजुन्निसा गुडघ्यात तेल जिरवत राहिली.

होऊ नये ते एका सकाळी झालंच. राखेवरून वजीरचा पाय निसटला, तो दांडीला लोंबकळत राहिला, आणि कोंडाजी खांदा लावून त्याला वर चढवत असतानाच नेमके यशवंतराव तिथून गेले. स्टेशनात वॅगनी तशाच उभ्या. यशवंतरावांनी आपल्या खोलीत बोलावून सांगितलं, अगदी गोडीनं, की ड्रायव्हरला स्वतःच्या पायांनी चढता येत नसेल तर त्याला फाटकावर बसवावं लागेल. खुर्ची देऊ, छत्री देऊ. सोमवारी डॉक्टरांसमोर चढून दाखवा. मदत नको कुणाची. आणि चढायचं ते पायऱ्यांच्या बाजूनं. कंपनीनं सोय करून दिली आहे ती कशासाठी? खरी गोष्ट अशी होती की डॉक्टरांची पांढरी विजार राखेत जायला तयार नव्हती.

सोमवारी काळीभोवती सगळे जमले. तमाशा फुकट असला की असतील शितं तर जमतील भुतं. डॉक्टर होते, यशवंतराव होते, हमाल होते, आणि कोंडाजी खालीच उभा होता, कारण मदत करायची नाही म्हणून त्याला इंजिनापासून चार हात लांब उभं केलं होतं. पायरीवर सकाळचं त्याचंच फूल होतं.

वजीर पायरीपाशी आला. त्यानं क्षणभर खाली बघितलं. मग वाकला, वाकतानाही गुडघ्यानं त्याला आपला इंगा दाखवलाच, आणि त्यानं बूट काढले. दोन्ही बूट बाजूला ठेवले. फूल उचलून दांडीला अडकवलं. पायरीला हात लावला, हात कपाळाला लावला, दर्ग्याच्या उंबऱ्याला लावावा तसा, आणि अनवाणी पायानं खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर, वरच्या पायरीवरून आत, असा सरळ चढून गेला. कुणाला कळलंसुद्धा नाही की याचा एक पाय दुखरा आहे. पायरी ती पायरीच, चांगली केलेली होती हो. जमलेल्या माणसांत एक बरं वाटल्याचा आवाज उठला. देवळाच्या पायरीवरूनच तर आत जातात माणसं, हे इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कोंडाजीनं मान हलवली, चेहरा उजळला. डॉक्टर म्हणाले, उत्तम.

सगळं इथं संपायला काय हरकत होती? पण यशवंतराव नियमाचे पक्के. त्यांचं लक्ष खाली ठेवलेल्या बुटांवर गेलं. इंजिनावर बुटाशिवाय चढायचं नाही, निखारे असतात, कंपनीनं म्हणून बूट दिलेत, नियम तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. अनवाणी चढणं हे चढणं धरता येणार नाही. खाली या आणि बूट घालून चढा.

वजीर खाली आला. बूट घातले. नाडी बांधली. पायरीपाशी उभा राहिला आणि उभाच राहिला.

"चढा," यशवंतराव म्हणाले.

"नाही जमणार, साहेब."

"गुडघा?"

"गुडघा नाही," वजीर म्हणाला.

यशवंतरावांनी खांदे उडवले. म्हणाले, मग नाइलाज आहे, फाटक आहेच. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. वजीरनं काळीकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि ते बघणं कोंडाजीनं पाहिलं. पण तो तरी काय करणार? त्याच्याच फुलानं माणसाची वाट अडवली होती. तोंडानं चढा म्हणायला त्याची जीभ वळेना, आणि गप्प उभं राहायला पाय तयार होईनात.

तो पुढं आला. मदत करायची नाही, हे यशवंतराव सांगायच्या आत तो पायरीशी पोचला होता. त्यानं रोजच्यासारखा पायरीला हात लावला, कपाळाला लावला. मग पायातला कंपनीचा बूट, खिळ्याचा, चिखलाचा, त्यानं पुरता श्रीवर ठेवला. दुसरा स्वस्तिकावर. आणि वर चढून गेला. खाली एका हमालानं डोळे मिटून घेतले.

"पायरी बाटली म्हना, न्हाईतर मोकळी झाली म्हना," कोंडाजी वरून म्हणाला. "माझी पोरगी हाय तिच्यात, मी ठेवला पाय. आता वजीरभाई, तुमी या."

वजीर गेला. बुटांसकट गेला. पाय ठेवताना त्यानं टाच तेवढी उचलून धरली होती, पण चढला तो स्वतःच्या पायांनी, कुणाच्या मदतीशिवाय, सगळ्यांदेखत. डॉक्टर पुन्हा उत्तम म्हणाले. यशवंतरावांनी जमलेल्यांना दाखवून दिलं की कंपनीनं मनात आणलं तर ड्रायव्हरची केवढी सोय होते, आणि ते चहाला निघून गेले. त्यांच्या मागून हमाल एकेक करून पांगले.

स्टेशनात वॅगनी खोळंबल्या होत्या. वजीरनं शिट्टी दिली, काळी हलली. कोंडाजी पाठ करून भट्टीत कोळसा टाकत होता, नेहमीपेक्षा जास्तच टाकत होता. वजीरला काहीतरी बोलायचं होतं. आभार मानावेत तर ते थिटे पडत होते, आणि माफी मागावी तर कोंडाजी चिडला असता. फाटक मागं पडलं.

शेवटी कोंडाजीच म्हणाला, भट्टीकडंच बघत, "गुडघा दुखला का?"

"नाही."

"माझा पाय दुखतोय," कोंडाजी म्हणाला, आणि त्यानं आणखी एक फावडं कोळसा आत टाकला.